स्वयंपाकघर ते गॅलरी: एक मंजूर प्रवास

आमच्या कार्यालयात विश्रांती रजा सक्तीची आहे. वर्षातून सलग आठ दिवस प्रत्येक कर्मचाऱ्याने विश्रांती घ्यायची आणि घेतल्याचा पुरावा नवव्या दिवशी सकाळी हजर करायचा. पुरावा नसेल तर विश्रांती झालीच नाही असं धरतात आणि आठही दिवस विनापरवानगी गैरहजेरीत जातात. नियम चांगला आहे. तो नसता तर लोक नुसते घरी बसले असते आणि त्यालाच विश्रांती म्हणाले असते.

मी आवक-जावक विभागात आहे. बाहेरून कागद आला की त्यावर आवकचा शिक्का मारायचा, आतून निघाला की जावकचा. एकतीस वर्षं हेच करतोय. मधल्या वेळात कागदाचं काय होतं ते मला माहीत नाही, आणि ते माझं कामही नाही. आमची ही म्हणायची, "तुमचं स्वतःचंही तसंच आहे. सकाळी साडेनऊला जावक, संध्याकाळी साडेसहाला आवक. मधलं घर तुम्हाला कुठे ठाऊक आहे?"

"मधल्या घरात असं काय होतं?"

"अकरा वाजता गॅलरीत ऊन येतं."

आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. समोर दोन इमारती आहेत आणि त्यांच्यामध्ये हातभर फट आहे. वर्षातले दोन-अडीच महिने त्या फटीतून पाव तास ऊन येतं, असं तिचं म्हणणं. मी म्हणायचो, येत असेल तर रविवारी दिसलं असतं. ती म्हणायची, रविवारी समोरच्या गच्चीवर चादरी वाळत घालतात, ऊन अडतं. इतर सुट्ट्यांना? समोरच्यांनाही सुट्टीच असते, तेव्हाही चादरी. एखादा दिवस रजा टाकून घरी थांबा, असं तिने पुष्कळदा सांगितलं. पण साध्या रजेला कारण लागतं. मंजूर कारणांची यादी आहे, सतरा कारणं आहेत, त्यात ऊन नाही.

विश्रांती रजेचा पुरावा म्हणजे लांबच्या गावाचं तिकीट आणि तिथल्या निवासाचा शिक्का. त्यामुळे दरवर्षी आम्ही लांबच्या गावी जात असू. एका वर्षी समुद्रावर गेलो होतो. शिक्का ज्याच्याकडे होता तो व्यवस्थापक स्वतःच्या विश्रांती रजेवर गेला होता. तीन दिवस मी त्याच्या बदलीवर आलेल्या माणसाच्या मागे फिरलो. ही बॅगेवर बसून राहिली. समुद्र आम्ही परतताना बसच्या खिडकीतून पाहिला. ती म्हणाली, "पुढची सुट्टी घरी. शिक्का मी मारते."

मागच्या वर्षी ती गेली. त्यासाठी तीन दिवसांची वेगळी रजा आहे, ती मिळाली. तीन दिवस घर माणसांनी भरलेलं होतं आणि गॅलरीतल्या तिच्या खुर्चीवर कुणीतरी पिशव्या ठेवल्या होत्या. चौथ्या दिवशी साडेनऊला मी जावक.

यंदा समोरच्या फटीच्या मागे नवीन इमारत चढायला लागली. चार मजले झालेत. पुढच्या वर्षी या दिवसांत फटीत आकाश उरणार नाही, हे सांगायला इंजिनियर लागत नाही. म्हणजे ते ऊन एकदा बघायचं तर यंदाच.

नेमके त्याच सुमारास आमचे साहेब प्रशिक्षणाहून परतले. सध्या लोक लांब जात नाहीत, घराजवळच राहून सुट्टी घालवतात, अशी नवी फॅशन असल्याचं त्यांना प्रशिक्षणात कळलं होतं. साहेबांनी ती फॅशन परिपत्रकात बसवली आणि तिला 'निकट-विहार योजना' असं नाव दिलं. मी त्याच दिवशी अर्ज केला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

रजेच्या टेबलावर बसणाऱ्या बाईंना सगळं कार्यालय रजेच्या बाई म्हणतं. त्यांनी अर्ज वाचायला घेतला.

"विहाराचं ठिकाण?"

"घर."

"कुणाचं?"

"माझंच."

"निघणार कुठून?"

"घरून."

"अहो, मग पोचणार कसे?"

"पोचलेलोच आहे."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही अंतराच्या रकान्यात शून्य लिहिलंय. शून्य अंतराला प्रवास म्हणत नाहीत. घरातल्या घरात कुणी जातं का?"

"परिपत्रकात 'निकट' लिहिलंय. याहून निकट काय असणार?"

हा मुद्दा त्यांना पटला, पण पटलेला मुद्दा त्यांना मंजूर करता येत नव्हता. फाईल साहेबांकडे गेली. साहेबांना योजनेचा पहिला लाभार्थी हवा होता, म्हणून त्यांनी मार्ग काढला. कायमचा पत्ता आणि विहाराचा पत्ता एकच असू शकत नाही, तर घराचे दोन भाग करावेत. स्वयंपाकघर, बेडरूम आणि संडास-बाथरूम हे निवासस्थान. हॉल आणि गॅलरी हे विहारस्थळ. टेप घेऊन दोन माणसं आली आणि त्यांनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून गॅलरीच्या कठड्यापर्यंत अंतर मोजलं. एकोणीस फूट भरलं. शून्याच्या जागी एकोणीस लिहिल्यावर अर्जात काही दोष उरला नाही.

अटी होत्या. रजेच्या काळात निवासस्थानात पाऊल टाकल्यास रजा खंडित होईल. नैसर्गिक कारणासाठी 'अल्पकालीन परतीचा प्रवास' दिवसातून पाच वेळा करता येईल, वहीत जाण्या-येण्याची वेळ लिहून. चहा निवासस्थानातून मागवता येईल, मात्र तो करणारी व्यक्ती लाभार्थी नसावी. आणि एक मान्यताप्राप्त मार्गदर्शक सोबत असावा.

मार्गदर्शकांच्या यादीत एकच नाव होतं, आमच्या मेहुण्याचं. मेहुणा म्हणजे हिचा धाकटा भाऊ. स्वेच्छानिवृत्ती घेतल्यापासून जिथे म्हणून नाव नोंदवतात तिथे तो नोंदवून येतो. रक्तदाते, साक्षीदार, पोहता येणारे, सगळ्या याद्यांत तो आहे. त्याला पोहता येत नाही.

सोमवारी सकाळी नऊ वाजता मी बॅग घेऊन घराबाहेर पडलो, कारण निघाल्याशिवाय पोचता येत नाही. तासभर खालच्या बाकावर बसलो. दहा वाजता पाच मजले चढून वर आलो तर दारात मेहुणा, छातीवर बिल्ला, हातात माझ्या हुद्द्याचा फलक.

"स्वागत आहे, दाजी. प्रवास कसा झाला?"

"बाजूला हो. माझी चावी दे."

"पाहुण्यांकडे चावी नसते." तो माझ्या घरात माझ्या आधी शिरला. "चप्पल उजवीकडे काढा. डावी बाजू निवासाची आहे."

मग त्याने मला हॉल दाखवला. अक्षरशः दाखवला. "ही भिंत. ही दुसरी भिंत. इथे पूर्वी कॅलेंडर होतं, त्याचा खिळा अजून पाहायला मिळतो."

"तो खिळा मीच ठोकलाय."

"पाहुण्यांनी मध्ये बोलू नये, दाजी. माझं चुकतं."

घड्याळात अकराला दहा कमी होते. मी गॅलरीकडे निघालो. त्याने मला दंडाला धरून कपाटासमोर उभं केलं. गॅलरी यादीत शेवटची होती, आणि क्रम मोडला तर आधीची सगळी स्थळं न पाहिल्यात जमा होणार होती. कपाटाला सहा खण. सहाव्या खणापर्यंत अकरा पंचवीस झाले. गॅलरीत पोचलो तेव्हा नुसता उजेड होता, कुठेही असतो तसला.

"खुर्च्या," मेहुण्याने कागदावरून वाचलं. "वेताच्या. दोन नग."

त्या खुर्च्यांची एक गोष्ट आहे. एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेल्या. माझी अजून नव्यासारखी आहे. हिची उजव्या हाताकडून पांढरी पडली, रंग उडाला, वेत सुकला. दुकानदाराने एक खुर्ची हलकी दिली असं माझं मत होतं आणि ती परत करायला मी दोनदा निघालोही होतो. हिने नेऊ दिली नाही.

मेहुणा त्या पांढऱ्या हातावर बोट फिरवत थांबला. "ताई इथे..." म्हणाला आणि कागद खालीवर पाहिला. "ताई यादीत नाही, दाजी."

मी म्हटलं, "चहा टाक." तो निवासस्थानात गेला आणि बराच वेळ आला नाही.

मंगळवारी बरोबर अकराला फोन वाजला. लाभार्थी विहारस्थळी आहे ना, याची खात्री करायला कार्यालयातून रोज एकदा घरच्या फोनवर विचारणा होणार होती. मोबाईल चालत नाही, कारण मोबाईलवाला माणूस कुठेही असू शकतो. घरचा फोन बेडरूममध्ये आहे. तो मी उचलला असता तर मी निवासस्थानात असल्याचं सिद्ध झालं असतं, आणि न उचलला असता तर मी कुठेच नसल्याचं. मेहुण्याने उचलला. "आहेत," तो म्हणाला. "नाही, इथे नाहीत. म्हणजे आहेत, पण तिथे आहेत. नाही हो, तिथे म्हणजे तुमच्या तिथे नाही." त्याला वाचवायला मी उंबऱ्यापर्यंत धावलो आणि तिथून ओरडून माझं विहारात असणं कळवलं. परत आलो तेव्हा पाव तास संपला होता. बुधवारपासून विचारणा दुपारी तीनला करावी अशी मी विनंती केली. ती मान्य झाली, पुढच्या आर्थिक वर्षापासून.

बुधवारी पावणेअकरा ते साडेअकरा 'स्थानिकांशी संवाद' होता. मेहुण्याने समोरच्या दारातल्या वहिनींना आणून हॉलमध्ये बसवलं. त्या बावीस वर्षं आमच्या समोर राहतात. त्यांच्या हातात छापील प्रश्न दिले होते.

"आपण कुठून आलात?" वहिनींनी वाचलं.

"स्वयंपाकघरातून."

"आमचा परिसर आपल्याला कसा वाटला?"

"बरा आहे."

वहिनींनी कागद घडी करून ठेवला. "भावोजी, तुमच्या जेवणाचं बघायला कुणी येतं का? की हा नुसता बिल्ला लावून फिरतोय?" हा प्रश्न छापील नव्हता, म्हणून मेहुण्याने तो नोंदवला नाही. बेडरूममध्ये मात्र फोन वाजत होता आणि गॅलरीत काय चाललं होतं ते मला दिसलं नाही.

गुरुवारी संवाद नव्हता, सहल नव्हती. फोन आपोआप बंद पडला होता, त्यात माझा हात होता. साडेदहापासून मी गॅलरीत माझ्या खुर्चीत बसलो. अकरा वाजले. ढग आले.

शुक्रवारी साहेब स्वतः आले, सोबत कार्यालयातले नऊ जण. योजनेच्या यशाचा फोटो हवा होता. आमची गॅलरी चार माणसांची आहे. अकराला पाच कमी असताना दहा जण तिच्यात उभे राहिले आणि मी, लाभार्थी म्हणून, मागे. "हसा," फोटोवाला म्हणाला. साहेबांच्या पाठीचं कापड मी जवळून पाहिलं. चांगलं होतं. त्या फोटोत मी नाही, पण खाली माझं नाव आहे.

शनिवार, रविवार चादरी. निळ्या पट्ट्यांच्या.

राहिला सोमवार. आठवा दिवस. त्या दिवशी आनंद पडताळणी अधिकारी यायचे होते. वेळ दिली होती दहा ते पाच. ते पावणेअकराला आले, तब्येतीने मोठे, हातात पुठ्ठ्याची फाईल. सरळ गॅलरीत गेले आणि हिच्या खुर्चीत बसले.

"साहेब, इकडची खुर्ची नवी आहे. इकडे बसा."

"असू दे. मला जुनंच मानवतं." खुर्ची करकरली. "लाभार्थीला आनंद होत आहे का?"

"अजून नाही झाला."

"कधी अपेक्षित आहे?"

"अकरा वाजता."

त्यांनी लिहून घेतलं. "रोज, की एकदाच?"

"एकदा झाला तरी पुरे."

मेहुणा दारात उभा होता. त्याने बिल्ला काढून खिशात टाकला होता, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

अकरा वाजून चार मिनिटांनी फटीत काहीतरी चमकलं. कठड्यावर एक पट्टा पडला. तो सरकत आला आणि थेट अधिकाऱ्यांच्या डोळ्यांवर बसला. त्यांनी तोंड वाकडं केलं आणि फाईल आडवी धरली. एकतीस वर्षं जे बघायचं राहिलं होतं, ते मी त्या फाईलच्या पाठीवर पाहिलं. पुठ्ठा पिवळा होता. वर 'तातडीचे' असं लिहिलं होतं.

"हे काय आहे?" ते म्हणाले.

"ऊन आहे, साहेब."

"ते दिसतंय. रोज येतं?"

"म्हणतात."

"मग अर्जात का नाही लिहिलं? पाहुण्याच्या डोळ्यांवर ऊन येतं ही त्रुटी आहे." त्यांनी फाईलच्या आडून घड्याळ पाहिलं आणि ऊन जाईपर्यंत तसेच बसून राहिले, कारण त्रुटीची वेळ अचूक लिहायची असते. 'सकाळी ११.०४ ते ११.१९. पूर्वेकडून. खुर्ची क्रमांक दोनच्या उजव्या हातावर सर्वाधिक.' हिच्या उन्हाची कागदावर ही एकच नोंद आहे. मी त्या पानाची प्रत मागून घेतली. तेवढं ते चांगले होते.

त्रुटीवर उपाय म्हणून गॅलरीला जाड पडदा लावायचा, आणि मंगळवारी सकाळी कामावर हजर होताना 'सदर ठिकाणी ऊन येत नाही' असं माझ्या सहीने लिहून द्यायचं. तसं दिलं तर विश्रांती झाली. नाही दिलं तर आठ दिवस गैरहजेरी आणि एकतीस वर्षांच्या कोऱ्या सेवापुस्तकात पहिली नोंद.

दुपारी अल्पकालीन परतीचा प्रवास वहीत लिहून मी फोन दुरुस्त केला आणि रजेच्या बाईंना लावला.

"अहो, लिहून टाका," त्या म्हणाल्या. "पडदा लावूही नका. कोण येतंय बघायला?"

"पण ऊन येतं, बाई."

"येऊ दे की. नुसतं कागदावर येऊ देऊ नका."

सल्ला भला होता. माझं सगळं आयुष्य त्याच सल्ल्यावर चाललं आहे. मंगळवारी साडेनऊला मी ते पत्र लिहिलं, खिशात घातलं आणि बाहेर पडलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत उतरलो. तिथे कुणाच्या तरी बंद दाराआड कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी हसलं. मधलं घर चालू झालं होतं. मी जिना चढून परत वर आलो. वहीत लिहिलं नाही.

हिच्या खुर्चीत मी कधी बसलो नव्हतो. ती जरा डावीकडे झुकलेली आहे. अकरा वाजून चार मिनिटांनी पट्टा कठड्यावर आला, मग फरशीवर, मग खुर्चीच्या उजव्या हातावर, बरोबर जिथे रंग उडाला आहे तिथे. दुकानदाराने फसवलं नव्हतं. माझ्या खुर्चीवर तो आलाच नाही, ती दोन वीत बाजूला असते. म्हणून ती नवी राहिली. मी पत्र खिशातून काढलं आणि उन्हात धरून वाचलं, 'सदर ठिकाणी ऊन येत नाही.' अक्षर माझं होतं, वळणदार. मग मी ते घडी करून खुर्चीच्या पायाखाली सरकवलं. खुर्ची झुकायची थांबली.

नोटीस तिसऱ्या दिवशी माझ्याच टेबलावर आली. मीच तिच्यावर शिक्का मारला आणि मीच ती स्वीकारली. मंगळवारी सकाळी अकरा वाजता आपण कोठे होतात, याचा लेखी खुलासा मागितला होता. मी लिहिलं, 'घरी.'

रजेच्या बाईंनी खुलासा वाचला. "एवढंच? काहीतरी कारण जोडा. सतरा आहेत."

"त्यातलं कुठलंच नाही."

त्यांनी माझ्याकडे पडताळणीचं पान मागितलं, वाचलं, परत वाचलं. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "काय हो, आमच्याकडे कुठे पडत असेल?"

"मला काय माहीत, बाई? तुमचं घर."

"मी तर अकराला इथेच असते," त्या म्हणाल्या आणि घरचा फोन फिरवायला लागल्या. पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या घरचा नंबर आठवेना.

माझ्या सेवापुस्तकात आता नऊ दिवसांची गैरहजेरी आहे. साहेबांनी मला बोलावून वाईट वाटल्याचं सांगितलं. त्यांच्या टेबलामागे मोठी खिडकी आहे. तिला जाड पडदा आहे.

तुम्ही एवढं हसत वाचलंत, बरं वाटलं. हे वाचायला साधारण पाव तास लागतो, मी घड्याळ लावून पाहिलंय. अकराच्या सुमारास वाचायला बसला असाल, तर तुमच्याकडचं आजचं नुकतंच गेलं. कुठे पडलं होतं ते घरात विचारून घ्या. सांगणारं माणूस आत्ता बहुधा स्वयंपाकघरात असेल. माझ्या मोजणीनुसार एकोणीस फूट.